कोंबड्यांना स्वेटर नको, कोरडं खुराडं द्या

ताई, तुमचे तिन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेत म्हणून एकत्रच उत्तर देते, थोडं लांबेल. तुम्ही पुण्यातली नोकरी सोडून पिंपळगावजवळ सासरच्या मळ्यात राहायला आलात, बारा गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा घेतलाय, निफाड तालुक्यातली ही तुमची पहिलीच थंडी, आणि सकाळी कोंबड्या पिसं फुगवून गोळा होऊन बसलेल्या बघितल्या की जीव तुटतो, विणकाम येतंच आहे तर त्यांना लोकरीचे स्वेटर विणू का, हा एक प्रश्न. अंडी एकदम बंद का झाली हा दुसरा. आणि मळ्यात विणायला वेळ मिळतो का, लोकर कुठली घ्यावी हा तिसरा. मी लग्न होऊन आले तेव्हापासून द्राक्षाच्या मळ्यातच आहे, कोंबड्या सासूबाईंच्या हातच्या, विणकाम आईच्या हातचं, त्यामुळं दोन्हीवर बोलायला मला आवडतंच.

स्वेटर नका घालू. ते फोटो मीपण बघितलेत, रंगीत पट्ट्यांचे स्वेटर घालून अंगणात फिरणाऱ्या कोंबड्या, दिसतात गोड. ती टूम इंग्लंडकडची आहे, तिकडं पिंजऱ्यात अंड्यांसाठी ठेवलेल्या कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या की काही लोक त्यांना सोडवून घरी आणतात, त्यातल्या बऱ्याच जणींची पिसं पार गेलेली असतात, उघडं अंग बघवत नाही म्हणून बायकांनी विणायला घेतलं. हेतू चांगला होता पण तिकडंही कोंबड्या पाळणारे जाणते लोक नकोच म्हणतात. आणि तुमच्या कोंबड्यांना तर पिसं आहेत की, अंगभर.

ती सकाळी फुगून बसते ना, ते गारठल्याचं लक्षण नाही, तो तिचा इलाज आहे. कोंबडीच्या अंगाचं तापमान आपल्यापेक्षा जास्त, साधारण ४१ अंश. पिसं फुगवली की मधे हवा कोंडते आणि ती हवा अंगाच्या उष्णतेनं गरम राहते, पिसं म्हणजे तिची स्वतःची गोधडी आहे आणि कितपत फुगवायची ते तिचं तिला कळतं. वरून घट्ट विणलेलं काही चढवलं की पिसं चपटी होतात, हवा जाते, म्हणजे उलट जास्त गार वाटणार. शिवाय शेपटीच्या मुळाशी तिची एक तेलाची ग्रंथी असते, चोचीनं ते तेल घेऊन ती दिवसभर पिसांना लावत बसते, स्वेटर असला तर चोच पोचतच नाही. आतमधे ओल धरते, उवा होतात, राखेत लोळता येत नाही. कोंबडा वर चढला की त्याच्या नख्या विणीत अडकतात. आणि आपल्याकडं बांधाला बाभळी, बागेला तारा, एखादी कोंबडी कुठंतरी अडकून राहिली आणि मुंगसानं गाठली की संपलं.

एकच अपवाद सांगते. कोंबड्याच्या चढण्यानं एखादीची पाठ उघडी पडते, कातडी लाल दिसते, तेव्हा पाठीवर कापड बांधतात. पण ते कापडच, जुन्या जीन्सचा तुकडा, पंखांखालून इलॅस्टिकचे दोन फासे, विणलेलं नाही. दर चार-आठ दिवसांनी उचलून खाली उवा झाल्यात का बघायचं. तुमचा एका कोंबड्याला बारा माद्या हा हिशोब बरा आहे, त्रास होऊ नये. एकदोघीच त्याच्या फार लाडक्या असतील तर मात्र त्यांच्या पाठीवर नजर ठेवा.

मग थंडीचं करायचं काय. आपल्याकडची थंडी खोटी नाही, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर आल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, रात्री बागेत शेकोट्या पेटवायला लागतात, पहाटे ड्रिप चालू करावं लागतं नाहीतर द्राक्षाच्या मण्यांना तडे जातात. पण कोंबडीला गार हवेनं फार काही होत नाही, तिला मारते ती ओल आणि अंगावर येणारा झोत. हे एवढं डोक्यात ठेवलं तर बाकी सगळं सुचत जातं.

थंडी पडली की लोक पहिलं काम काय करतात, तर खुराड्याला चारी बाजूंनी प्लास्टिकचा कागद किंवा खताच्या गोण्या गच्च गुंडाळतात, माणसाला वाटतं आता उबदार झालं. सकाळी दार उघडून आत तोंड घाला आणि श्वास घ्या, डोळ्यांत झोंबलं तर समजा की तुम्ही त्यांना थंडीपेक्षा वाईट काहीतरी दिलंय. कोंबडीची विष्ठा बहुतांश पाणीच असते, त्यात रात्रभराचा श्वास, ती वाफ बाहेर जायला जागा नसेल तर कागदाला आतून थेंब धरतात, खालचं तूस ओलं होतं, अमोनिया सुटतो, आणि मग डोळ्याला फेस, नाकातून पाणी, खरखर. त्यांना सर्दी थंडीनं झाली असं सगळे म्हणतात, झालेली असते ती कोंडल्यानं. म्हणून उत्तरेकडून वारं येतं त्या बाजूला बारदान लावा, दक्षिण बाजू अर्धी मोकळी ठेवा, आणि छपराखाली सगळीकडून वीतभर फट जाळी लावून उघडीच राहू द्या, म्हणजे कोंबड्या बसतात त्याच्या वरून हवा जाईल, अंगावरून नाही. ऊन आलं की बारदानं वर गुंडाळायची. खाली दोन-तीन इंच भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा, आणि दाराजवळ, पाण्याच्या भांड्याखाली जिथं ओलं होतं तिथलं रोज काढायचं. ते काढलेलं लगेच झाडाला घालू नका, मुळं जळतात, खड्ड्यात कुजवून मग.

बसायला आडवी काठी द्या, गोल बारीक बांबू नको, दोन इंच रुंद चपटी पट्टी, म्हणजे पाय पोटाखाली झाकून बसता येतं. एका कोंबडीला साधारण वीतभर जागा. थंडीत त्या एकमेकींना चिकटूनच बसतात, त्यांच्यात वरिष्ठ-कनिष्ठ असतं, मधली ऊबदार जागा कोणाची यावरून संध्याकाळी दहा मिनिटं भांडण होतं ते होऊ द्या.

आणि संध्याकाळी पोट भरून झोपवा. मका किंवा बाजरी अख्खी, कोंबडीमागं एक मूठ, दिवस मावळायच्या आधी अर्धा-पाऊण तास. अख्खं धान्य गळ्याखालच्या पिशवीत राहून रात्रभर हळूहळू खाली उतरतं, त्या पचनाचीच ऊब मिळते. झोपताना एखादीला उचलून गळ्याखाली बोटं लावून बघा, लिंबाएवढी कडक पिशवी लागली पाहिजे, आणि सकाळी तीच रिकामी, मऊ. सकाळीसुद्धा टणक लागली तर काहीतरी अडकलंय. मका मात्र वास घेऊन द्या, पावसात भिजलेला, बुरशीचा स्वस्त मिळतो म्हणून आणू नका, त्याच्या विषानं लिव्हर खराब होतं आणि कळायलाही उशीर होतो. पेरणीतून उरलेलं औषध लावलेलं रंगीत बी तर कधीच नको.

पिल्लांचं मात्र वेगळं, त्यांना खरंच ऊब लागते, पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास, मग दर आठवड्याला तीन-एक अंश कमी. खुडूक, म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला बसलेल्या कोंबडीखाली असतील तर तिचं ती बघते. बल्बखाली असतील तर थर्मामीटरपेक्षा पिल्लंच सांगतात, बल्बखाली एकावर एक चढली की गार पडतंय, लांब कडेला जाऊन चोच उघडून बसली की तापलंय, सगळीकडं पसरून टिपत असली की बरोबर. आपल्याकडं रात्री लाईट कधी जाईल सांगता येत नाही म्हणून मी डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत मुळात अंडी बसवतच नाही. २१ दिवसांनी पिल्लं निघतात, म्हणजे संक्रांतीनंतर बसवलेली फेब्रुवारीत निघतात आणि थंडीचा जोर तोवर सरलेला असतो. एका गावरान कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरेत, आठवड्यानं रात्री बॅटरीवर धरून बघायची, आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठेवायचं, नुसतंच पिवळं स्वच्छ दिसलं तर काढायचं. सासूबाई टोपलीत अंड्यांशेजारी लोखंडाचा खिळा आणि कोळसा ठेवायच्या, ढग गडगडले तर अंडी बिघडत नाहीत म्हणून. मी अजून ठेवते, का ते विचारू नका.

आता अंडी बंद का. दोन कारणं आणि दोन्ही थंडीची नाहीत. एक म्हणजे उजेड, कोंबडीला अंडी घालायला दिवसाकाठी चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो आणि डिसेंबरात आपल्याकडं दिवस जेमतेम अकरा तासांचा. दुसरं म्हणजे पिसं झडणं, दिवाळीच्या पुढं जुनी पिसं गळून नवी येतात, मानेवर बारीक काड्या काड्या दिसतात बघा, तेव्हा अंगातलं सगळं प्रोटीन पिसांना जातं, अंड्याला उरत नाही. मुळात गावरान कोंबडी वर्षाला ६० ते ८० अंडीच देते, दहा-पंधरा घातली की खुडूक होते, पोल्ट्रीच्या कोंबडीशी तुलना करायचीच नाही. पहाटे बल्ब लावून उजेड वाढवता येतो, व्यवसाय करणारे करतात, माझं मत असं की घरच्या बारा कोंबड्यांना दोन महिने सुट्टी असू द्यावी. त्या काळात सुकट, शेंगदाण्याची पेंड, भाजलेलं सोयाबीन थोडं थोडं द्या, कच्चं सोयाबीन नको. आणि जुन्या लोकांची युक्ती, मडक्यात शेण आणि ओलं बारदान कोंबून ते रात्री बांधावर उपडं ठेवायचं, सकाळी वाळवीनं भरतं, ते कोंबड्यांपुढं झटकलं की बघत राहावं असा गोंधळ होतो. संक्रांतीनंतर दिवस मोठा व्हायला लागला की अंडी आपोआप चालू होतील. शिंपल्याचा चुरा एका वाटीत वेगळा ठेवा, जिला लागेल ती खाईल.

तुम्ही विचारलं नाही तरी मानमोडीचं, म्हणजे कोंबड्यांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाचं सांगून ठेवते, कारण बारापैकी बारा एका आठवड्यात जातात. हिरवट पांढरी हगवण, तोंड उघडून श्वास, मग मान वाकडी. त्यावर औषध नाही, लसच. पिल्लाला पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा नावाची लस डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, चौथ्या आठवड्यात परत, आणि आठव्या आठवड्यात आर टू बी ही दुसरी लस टोचून घ्यायची. लशीची बाटली शंभर-दोनशे पक्ष्यांची असते, कालवली की दोन तासांत संपवावी लागते, म्हणून आम्ही वस्तीवरच्या चार-पाच जणी एकाच संध्याकाळी करतो, बर्फाच्या थर्मासमधून आणायची आणि घरोघर फिरवायची. तुमच्या बारा मोठ्या कोंबड्या विकत घेतल्यात, त्यांना लस झालीय का विकणाऱ्याला विचारा, सांगता आलं नाही तर झाली नाही असं धरून पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. दुसरं, नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य आपल्याला जवळ आहे, हिवाळ्यात परदेशी बदकं येतात, शेततळ्यावरही उतरतात. अशा पक्ष्यांकडून बर्ड फ्लू येऊ शकतो, २००६ साली नंदुरबारकडं नवापूरला तो आला तेव्हा केवढ्या कोंबड्या पुरायला लागल्या ते जुन्या लोकांना विचारा. तेव्हा तळ्याचं पाणी कोंबड्यांना नको आणि तळ्याकाठी चरायला सोडू नका, पाणी बोअरचं. आणि बागेत फवारणी असेल त्या दिवशी कोंबड्या कोंडूनच, छाटणीनंतर वेलीचे डोळे फुटायला हायड्रोजन सायनामाईडची पेस्ट लावतात ती तर फार जहाल.

आता विणकाम. वेळ मिळतो का, तर सलग मिळत नाही, तुकड्या तुकड्यानं मिळतो. मळ्यातलं आयुष्य म्हणजे अर्धं काम आणि अर्धं वाट बघणं आहे, मोटरीच्या लाईटची वाट, ट्रॅक्टरची वाट, व्यापारी येतो म्हणाला त्याची वाट, आणि या वाट बघण्यात पुरुष मोबाईल बघतात आणि आपण उगाच उठून भांडी घासतो. मी सुया घेऊन बसते. रात्रपाळीची लाईट असली की कधीकधी दोनला पाणी बदलायला उठावं लागतं, तोवर जागं राहायला माझ्याकडं दुसरं काही नाही, एक सुई सुलट, एक सुई उलट, डोकं लागत नाही असलंच त्या वेळी घ्यायचं. नक्षीचं काम दुपारी.

पण माझी खरी बसायची वेळ संध्याकाळी पाच ते साडेसहा, खुराड्यासमोर बाज टाकून. हे मी कोणाला सांगितलं की हसतात, पण कोंबड्यांचं जे काही मला कळलं ते या बसण्यात कळलं. नुसतं उभं राहून बघायला गेलं की दोन मिनिटांत आपल्याला काम आठवतं. हातात विणकाम असलं की माणूस तासभर हलत नाही, आणि कोंबड्या विसरून जातात की तुम्ही आहात. मग दिसतं की ती तांबडी धान्य टाकल्यावर शेवटी येते, कालपर्यंत पहिली यायची. एकीनं डोळा अर्धा मिटलाय. एकीची शेपटी खाली आहे. घार वर आली की कोंबडा एक लांब कुर्रर्र करतो आणि सगळ्या डाळिंबाखाली, जमिनीवरचं मुंगूस असलं तर आवाज वेगळा, तुटक, टकटक असा, आणि तेव्हा त्या लपत नाहीत, माना वर करून ओरडतात. दुखणं वाढायच्या आधी दोन दिवस ते चालण्यात दिसतं, फक्त तेव्हा तिथं कोणीतरी बसलेलं पाहिजे. मला विचाराल तर थंडीत कोंबड्यांसाठी विणकामाचा हाच उपयोग, त्यांच्यासमोर बसून विणणं.

फक्त धागे सांभाळा, हे गमतीत घेऊ नका. कापलेलं लोकरीचं टोक जमिनीवर पडलं की कोंबडीला ते गांडूळ वाटतं, गिळते, पिशवीत गोळा होतो. पिल्लांच्या पायाला तर आणखी वाईट. शेजारच्या वहिनींच्या पिल्लाच्या मधल्या बोटाला ॲक्रिलिकचा एकच तंतू गुंडाळला होता, केसाएवढा, चालताना ओढला जाऊन कातडीत रुतलेला, बोट सुजून जांभळं झालेलं आणि धागा दिसतच नव्हता. पिल्लू उलटं धरून, कोमट पाण्यात पाय भिजवून, सुईच्या टोकानं तो उचलायचा आणि नखं कापायच्या कात्रीनं तोडायचा, एका हाताचं काम नाही, दोघी लागल्या. बोट राहिलं. तेव्हापासून माझ्या कमरेला एक छोटी कापडी पिशवी असते, तोडलेलं प्रत्येक टोक त्यात.

लोकर कुठली. साधी चार प्लाय ॲक्रिलिक, नाशिकला मेनरोडला ढीगभर मिळते. धूळ, शेण, मशीनमधली धुलाई सगळं सोसते. खरी लोकर मऊ असते पण कसर लागते, कडुनिंबाचा पाला घालून ठेवा नाहीतर दिवाळीला उघडाल तेव्हा चाळणी झालेली असेल. धनगरांच्या मेंढ्या शेतात बसवायला येतात तेव्हा त्यांच्याकडची लोकर घेऊन विणू का असं तुमच्या मनात येईलच, प्रत्येकीच्या येतं. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते, घोंगडीला उत्तम, अंगाला टोचते. कोकराच्या पहिल्या कातरणीची, जावळाची, त्यातल्या त्यात मऊ, पण तिचा विणायजोगा बारीक धागा काढून देणारं माणूस आता सापडत नाही. सापडलं तर मला कळवा.

आणि विणायचंच आहे तर कोंबड्यांऐवजी हातांसाठी विणा. आता मणी विरळणी चालू असेल तुमच्याकडं, बायका सकाळी सातला गार लोखंडी कात्र्या धरून दवानं भिजलेल्या घडांत हात घालतात, बोटं उघडी हवीत कारण मणी कापायचेत, पण मनगट आणि तळवा झाकलेला असला तर फार फरक पडतो. बिनबोटांचे हातमोजे, इतकं सोपं काम दुसरं नाही. दहा नंबरच्या सुया, ४२ टाके, दोन सुलट दोन उलट, शेवट दोन सुलटांवर होतो, परतीची सुई दोन उलटांनी सुरू, असं साधारण एक वीत विणत जायचं, टाके सैल बंद करायचे नाहीतर तळव्याला काचतं. मग कड शिवताना वरून दोन बोटांएवढं शिवायचं, अंगठ्यासाठी दोन-अडीच इंच मोकळं सोडायचं, खाली परत शिवायचं. जोडीला पन्नास ग्रॅमचा गुंडा पुरतो. रंग गडद घ्या, औषधाचे आणि रसाचे डाग जात नाहीत. पहिली जोडी तुमच्याकडं कामाला येणाऱ्या बायकांतल्या म्हातारीला द्या, बाकीच्या आपणहून येऊन मापं देतील. मी पैसे घेते बरं का, लोकरीचे आणि वर थोडे. सासूबाई म्हणायच्या अंड्याचे पैसे बाईचे, ते घरखर्चात घालायचे नाहीत, मी त्याच डब्यात हेही टाकते. त्यातून माझा बोअरवरचा शेड झाला आणि एकदा गाणगापूरही झालं.

लेकीसुनांचे बाळंतविडे येतीलच मागून, टोपडं, मोजे, स्वेटर, त्याला बारा नंबरच्या सुया लागतात आणि बेबी वूल, ते काम खुराड्यासमोर आणू नका, पांढऱ्या लोकरीला तुसाची धूळ बसते ती निघत नाही. आणि सुया लांब सरळ घेण्यापेक्षा गोल वायरच्या घ्या, आपल्याला कुठल्याही क्षणी उठून पळावं लागतं, कुत्रं शिरलं, लाईट आली, सरळ सुईवरून टाके सटकतात, वायरवर तसेच राहतात. प्लास्टिकच्या मात्र नको, उन्हात बाजेवर राहिल्या की वाकतात.